दुसरी पसंती

रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोर्लई आणि बोर्ली मागे पडली की मुरूडच्या रस्त्यावर उजवीकडे समुद्र आणि डावीकडे डोंगर अशी सोबत सुरू होते. मग सुरूचे बन दिसते आणि काशीद येते. शनिवार-रविवारी इथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी रस्ता अडलेला असतो. पाण्याकडे धावणाऱ्या त्या गर्दीत मागच्या डोंगराकडे फारसे कोणी पाहत नाही. त्या डोंगरात फणसाडचे अभयारण्य आहे. ते १९८६ साली झाले. त्याआधी हे रान जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीसाठी राखलेले होते, आणि डोंगराच्या पायथ्याचे काशीद त्याच नवाबाच्या मुलखात मोडत होते.

नवाब हा शब्द ऐकला की आपण बापामागून मुलगा, मुलामागून नातू असे धरून चालतो. जंजिऱ्याला निदान सुरुवातीच्या काळात तसे नव्हते. सिद्दी सरदार वारला की त्याचा मुलगा आपोआप गादीवर येत नसे. आरमारातला त्याच्या खालोखालचा अंमलदार मुलाला बाजूला ठेवून कारभार हाती घेई. जुन्या इंग्रज इतिहासकारांनी या रिवाजाची मुद्दाम नोंद केली आहे, कारण त्यांनाही तो चमत्कारिक वाटला असावा. खरे तर त्यात चमत्कारिक काही नाही. चारी बाजूंनी पाणी, राजपुरीच्या किनाऱ्यावरून मराठ्यांच्या तोफा, आणि सारा जीव गलबतांवर. अशा ठिकाणी पाळण्यातल्या वारसाच्या हातात किल्ल्याच्या चाव्या देणे परवडणारे नव्हते. ज्याला गलबते हाकता येतात, तोच धनी.

पुढे इंग्रज आले, मराठ्यांचे भय संपले आणि रिवाजही बदलला. इंग्रज सरकारने नवाबाला सनद दिली. तीत गादीचा वारसा मुसलमानी कायद्याप्रमाणे चालेल अशी हमी होती. वर अकरा तोफांची सलामी मिळाली. १८६९ मध्ये याच सरकारने नवाबाचे फौजदारी अधिकार काढून घेतले, पण वारशाला हात लावला नाही. किल्ला लढवायचा नसला की वारस कोणीही चालतो.

हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच की देशाचा प्रमुख कसा निवडायचा याचे नियम मला नेहमी किनाऱ्यावरच्या वाळूसारखे वाटत आले आहेत. बघताना ती जागची हललेली दिसत नाही, पण दर पावसाळ्यानंतर किनारा वेगळा असतो. भारताच्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा नियमही असाच हलत आला आहे. त्यातले सर्वांत मोठे वादळ १९६९ सालचे. त्या वादळात एक उमेदवार याच जिल्ह्याचा होता. काशीदच्या मतदाराने त्याला एकदा दिल्लीला धाडलेलेही होते.

१९४८ च्या सुरुवातीला जंजिरा संस्थानात मुक्तीचा लढा पेटला. नानासाहेब पुरोहितांसारखे जुने कार्यकर्ते त्यात होते आणि तेवीस वर्षांचा एक तरुणही होता, मोहन धारिया. त्याच वर्षी संस्थान विलीन झाले आणि मुरूड तालुका कुलाबा जिल्ह्यात आला. (जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली.) चार वर्षांपूर्वीपर्यंत नवाबाची रयत असलेल्या माणसाने १९५१-५२ च्या निवडणुकीत पहिल्यांदा मतपेटी पाहिली. कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले ते चिंतामणराव देशमुख, त्या वेळचे देशाचे अर्थमंत्री.

सी. डी. देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते या गावातला. महाडहून रायगडाकडे जाताना हे गाव लागते. बालपण रोह्याला गेले. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. मग केंब्रिज, मग आयसीएसच्या परीक्षेत पहिला क्रमांक. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कारकीर्दीच्या या उतरंडीत निवडणुकीची धूळ कुठेच नव्हती. 'मेघदूता'चा मराठी अनुवाद करणारा हा माणूस मते मागत फिरतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणताना मला अजूनही थोडी कसरत करावी लागते. तरी ते निवडून आले, आणि चार वर्षांनी, १९५६ च्या जुलैत, मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. महाराष्ट्रातल्या घराघरात त्यांचे नाव पोहोचले ते रिझर्व्ह बँकेमुळे नव्हे, या राजीनाम्यामुळे.

आता घटनेकडे येऊ. राष्ट्रपती जनतेने थेट निवडावा की आमदार-खासदारांनी, यावर घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात मोठी चर्चा झाली. मुंबईचे अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा थेट निवडणुकीच्या बाजूने होते. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना व्यवहारी उत्तरे दिली. मतदारांची संख्या प्रचंड, ती निवडणूक पार पाडायला यंत्रणा नाही, आणि ज्याच्या हाती खरी सत्ता द्यायचीच नाही त्याच्यासाठी साऱ्या देशाला रांगेत उभे कशाला करायचे? शहांची सूचना पडली. गंमत अशी की १९५२ मध्ये पहिली राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली तेव्हा राजेंद्रप्रसादांच्या विरोधात उभे राहिले ते हेच शहा. जो मार्ग त्यांना नको होता त्याच मार्गाने त्यांना ९२,८२७ मते मिळाली. राजेंद्रप्रसादांना पाच लाखांवर.

ही मते म्हणजे माणसे नव्हेत, हे इथेच सांगून टाकले पाहिजे. राज्याची लोकसंख्या तिथल्या आमदारांच्या संख्येने भागायची, पुन्हा एक हजाराने भागायची. येईल ती एका आमदाराच्या मताची किंमत. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाखांच्या पुढे होती आणि विधानसभेत २७० जागा होत्या. म्हणून १९६९ मध्ये इथल्या आमदाराचे एक मत १४६ मतांचे ठरले. सगळ्या राज्यांच्या आमदारांची मते मिळवून ती खासदारांत सारखी वाटली की खासदाराची किंमत निघते. त्या वर्षी ती ५७६ होती. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो. नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. निम्म्याहून अधिक मूल्य कोणालाच मिळाले नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका उलगडायच्या आणि पुढचा आकडा कोणाच्या नावासमोर आहे ते बघून त्याच्या गठ्ठ्यात टाकायच्या. पहिल्या चार निवडणुकांत ही वेळ कधी आलीच नाही. पहिल्या पसंतीतच निकाल लागत गेला आणि दुसरी पसंती हा नियम पुस्तकात पडून राहिला.

मधल्या काळात एक मराठी माणूस या नियमांच्या वाटेला गेला होता, तो प्रसंग टाळून पुढे जाणे बरे नव्हे. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे, एके काळचे मध्य प्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री, नंतर हिंदुमहासभेचे पुढारी. माणूस अडवणुकीत तरबेज. १९५७ मध्ये राष्ट्रपतींची निवडणूक जाहीर झाली तेव्हा देशाच्या काही मतदारसंघांत सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती. खऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात विचारले, निवडणारे मंडळच पुरे झालेले नसताना निवडणूक कशी होते? न्यायालयाने त्यांना दाद दिली नाही. पण सरकारला मात्र प्रश्न झोंबला असावा. १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने घटनेत लिहून टाकले की निर्वाचकमंडळात जागा रिकाम्या होत्या एवढ्या कारणावरून राष्ट्रपतींच्या निवडणुकीला आव्हान देता येणार नाही. खटला हरलेला माणूस घटनेच्या कलमात असा मागच्या दाराने शिरतो.

आणि मग १९६९.

३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना राष्ट्रपती जाण्याची ही पहिलीच वेळ. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. इथवर घटनेने सांगितले होते. गिरींनीही पद सोडले तर काय, याचे उत्तर घटनेत नव्हते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस संसदेने घाईने एक कायदा केला: दोन्ही पदे रिकामी असली तर सरन्यायाधीशांनी काम पाहावे. कायद्याची शाई वाळायच्या आत तो वापरायची वेळ आली.

बंगळूरच्या काँग्रेस अधिवेशनात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पक्षाच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. पंतप्रधान इंदिरा गांधींना ते नको होते. मतदानात मोरारजी, कामराज, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण रेड्डींच्या बाजूला गेले. यशवंतरावांचे ते मत बाईंना सर्वांत जास्त लागले, असे दिल्लीत पुष्कळ वर्षे बोलले जात होते. पुढच्या आठ दिवसांत घटना अशा घडल्या की तारखा लिहून ठेवाव्यात. १३ जुलैला गिरींनी स्वतंत्र उमेदवारी जाहीर केली. १६ ला मोरारजींचे अर्थखाते काढले. १९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या वटहुकमावर सही केली ती हंगामी राष्ट्रपती या नात्याने गिरींनीच. २० ला गिरींनी राजीनामा दिला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले आणि दहा-अकरा दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत उतरले, तेव्हा त्यांचे स्वागत करायला देशाचे सरन्यायाधीश उभे होते. तो मेमधला कायदा नसता तर कोण उभे राहिले असते, देव जाणे.

स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांना गिरीही नको होते आणि रेड्डीही आपले नव्हते. त्यांनी तिसरे नाव काढले. त्र्याहत्तर वर्षांचे चिंतामणराव देशमुख.

ही निवड नीट पाहिली तर तिच्यात एक अवघड गाठ दिसते. त्या पावसाळ्यात सारे भांडण बँकांवरून पेटलेले. राष्ट्रीयीकरणाला कडवा विरोध करणारा पक्ष म्हणजे स्वतंत्र पक्ष. त्याने उमेदवार म्हणून उचलला तो अर्थमंत्री, ज्याच्या कारकीर्दीत इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि ज्याने १९५६ च्या जानेवारीत आकाशवाणीवरून आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली, १ जानेवारी १९४९ ला, तेव्हा गव्हर्नरही तेच. देशमुखांना उजवे म्हणावे तर हा हिशेब आडवा येतो. मला वाटते, त्या दोन पक्षांना देशमुखांचे अर्थकारण नको होते, त्यांची अब्रू हवी होती. विजयाची आशा कोणालाच नव्हती. ज्याच्या नावाला कोणी बोट लावू शकणार नाही असा माणूस उभा करायचा, एवढाच बेत असावा. त्यांच्या घरात घटनेशी आणखी एक नाते होते. पत्नी दुर्गाबाई स्वतः घटना समितीच्या सदस्य होत्या. ज्या सभागृहात राष्ट्रपतींच्या निवडणुकीची कलमे मंजूर झाली तिथे त्या बसलेल्या. त्याच कलमांखाली त्यांचे यजमान आता उमेदवार होते.

देशमुख हरणार हे ठरलेले असताना सगळ्या देशाचे लक्ष त्यांच्या मतांकडे लागले. त्यांच्या पहिल्या पसंतीत कोणाला रस नव्हता. प्रश्न असा होता की देशमुख बाद झाल्यावर त्यांच्या मतपत्रिकांवरचा '२' कोणाच्या नावापुढे असेल? काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटून दुसरी पसंती रेड्डींना द्या, अशी विनंती केली. गणिताने पाहिले तर यात गैर काही नव्हते, पसंतीक्रमाची पद्धत याचसाठी असते. राजकारणाने पाहिले तर अध्यक्षांनी स्वतःचा गळा विरोधकांच्या हातात दिला होता. फक्रुद्दीन अली अहमद आणि जगजीवनराम यांनी पत्र लिहून जाब विचारला. पक्षाचा अध्यक्षच जातीय आणि उजव्या पक्षांशी बोलणी करीत असेल, तर आम्ही पक्षाच्या उमेदवाराला का बांधून घ्यावे? ज्या रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर पंतप्रधानांनी सही केली होती त्यांना मत देण्याची सक्ती नाही, प्रत्येकाने आपल्या विवेकाने मत द्यावे, असा घोष सुरू झाला. भारतीय राजकारणात 'विवेक' हा शब्द इतक्या मोठ्या प्रमाणावर त्यानंतर वापरला गेल्याचे मला आठवत नाही. आधीचेही आठवत नाही.

या घोषात पुढे असलेल्या काँग्रेसमधल्या बंडखोर तरुणांमध्ये, म्हणजे तथाकथित तरुण तुर्कांमध्ये, मोहन धारिया होते. जंजिऱ्याच्या लढ्यातले तेच धारिया, आता राज्यसभेचे सदस्य. त्यांचा जन्मही नाते गावचा. म्हणजे रायगडाच्या पायथ्याच्या एका लहानशा गावचा एक माणूस राष्ट्रपतिपदाला उभा, आणि त्याच गावचा दुसरा माणूस निकाल फिरवणाऱ्या मोहिमेत. मतदान गुप्त असते, त्यामुळे धारियांच्या मतपत्रिकेवर काय होते ते विचारण्यात अर्थ नाही. ते कोणत्या बाजूला उभे होते हे मात्र सगळ्यांना दिसत होते.

संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक फिरले. राजकारण किती खाली उतरले होते याचे ते माप. १६ ऑगस्टला मतदान झाले, २० ला मोजणी.

एकूण वैध मते ८,३६,३३७. जिंकायला हवीत ४,१८,१६९. पहिल्या फेरीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. रिंगणात पंधरा जण होते. पुण्याचे दलित नेते पां. ना. राजभोज, एके काळी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस आणि सोलापूरचे खासदार, त्यांना ८३१ मते होती. कोणा एकाला नेमकी ५७६ मिळाली होती, म्हणजे देशातल्या बहुधा एकाच खासदाराला तो आवडला होता. पाच जणांच्या नावापुढे शून्य. त्या काळी अर्जाला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे होता, अनामत नव्हती. शून्याचा अर्थ असा की अर्जावर सही करणाऱ्या दोघांनीही आपल्या माणसाला मत दिले नाही.

गिरी आघाडीवर होते, पण १६,६५४ ने कमी पडत होते. स्वतंत्र भारतात पहिल्यांदा तळापासून एकेक उमेदवार बाद करायला सुरुवात झाली. किरकोळ सगळे गेले, राजभोज गेले. मग तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाची पाळी आली.

हा क्षण मला फार वेळा डोळ्यांपुढे येतो. टेबलावर देशमुखांचा गठ्ठा. आता तो त्यांचा नव्हता. एकेक मतपत्रिका उचलायची, त्यांच्या नावापुढचा '१' सोडून द्यायचा आणि '२' शोधायचा. आयुष्यभर ज्याने परीक्षेत पहिला क्रमांक सोडला नाही, त्याच्या नावाच्या गठ्ठ्यात त्या दिवशी देश दुसरा क्रमांक शोधत होता. मोजणी संपली तेव्हा रेड्डींच्या पारड्यात ९१,८७९ ची भर पडली होती आणि गिरींच्या फक्त १८,५६२ ची. निजलिंगप्पांची विनंती बऱ्याच अंशी मानली गेली होती. तरी ती पुरली नाही. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. ठरलेल्या आकड्याच्या वर गिरी १,९०८ ने गेले. खासदारांच्या भाषेत बोलायचे तर जेमतेम सव्वातीन मते. बाद झालेल्या सगळ्यांच्या मतांपैकी १०,८३३ कुठेच गेली नाहीत. त्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी कोणाचेच नाव पुढे नव्हते. देशमुख किंवा कोणीच नाही, असे म्हणणारी काही माणसे त्यांत असतील, असे मला आपले वाटते.

आयर्लंडमध्ये राष्ट्राध्यक्ष याच पद्धतीने, पण थेट जनतेच्या मतांनी निवडतात. १९९० मध्ये तिथे पहिल्या मोजणीत ब्रायन लेनिहान पुढे होते. तिसऱ्या उमेदवाराची मते वाटली गेली आणि मेरी रॉबिन्सन त्यांना मागे टाकून जिंकल्या. दिल्लीत तसे घडता घडता राहिले. पंधरा हजारांच्या आत-बाहेरची बाब होती. तसे घडते तर काँग्रेसची फूट, १९७१ ची निवडणूक, पुढचे सगळे दशकच वेगळे झाले असते का, यावर इतिहासकारांनी डोके खाजवावे.

निकाल लागला आणि मामला न्यायालयात गेला. त्या पत्रकावरून गिरींची निवड रद्द करा, अशी मागणी होती. पदावर असलेले राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयात साक्ष द्यायला स्वतः हजर राहिले. असे तोवर झाले नव्हते. १९७० मध्ये न्यायालयाने निवड कायम केली.

यानंतर दुरुस्त्यांचा हंगाम आला. १९७४ च्या कायद्याने राष्ट्रपतिपदाच्या अर्जाला दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार रुपये अनामत लागू लागली. निवडणुकीविरुद्ध याचिका करायला पूर्वी दहा मतदार पुरत, आता वीस हवेत. १९६७ मध्ये सतरा उमेदवार होते आणि त्यांतल्या नऊ जणांना शून्य मते होती. १९६९ ची कथा वर आलीच. हौशी उमेदवारांना आळा घालणे हे वरचे कारण. पण गिरींना साक्षीदाराच्या जागी उभे राहावे लागले ही आठवण ताजी असताना याचिकेची दारे अरुंद झाली, हेही नजरेआड करता येत नाही. त्याच वर्षी गुजरातची विधानसभा बरखास्त होती. एक अख्खे राज्य मतदानाबाहेर असताना राष्ट्रपती निवडता येईल का, असे सरकारने सर्वोच्च न्यायालयाला विचारले. न्यायालयाने होकार दिला. डॉ. खऱ्यांचा सतरा वर्षांपूर्वीचा प्रश्न मोठा होऊन परत आला होता आणि त्यांच्यामुळे घटनेत शिरलेल्या ओळीने त्याचे उत्तर दिले.

१९७५ चा प्रकार याहून वाईट. अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवल्यानंतर, आणीबाणीत, एकोणचाळिसावी दुरुस्ती आली. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान आणि लोकसभेचे अध्यक्ष यांच्या निवडणुकीचे वाद न्यायालयांकडून काढून घेतले गेले. सर्वोच्च न्यायालयात पंतप्रधानांचे अपील सुनावणीला येण्याच्या आदल्या दिवशी, १० ऑगस्टला, ती अमलात आली. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयापासून वाचवणारा त्यातला भाग नोव्हेंबरात न्यायालयाने रद्द केला. राष्ट्रपतींच्या निवडणुकीचे वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयाकडे आले ते १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने. सरकारविरुद्ध आंदोलन करणाऱ्या जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा असे म्हणणाऱ्या मोहन धारियांना मार्च १९७५ मध्येच मंत्रिमंडळातून काढले होते. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. १९६९ मध्ये ज्या बाजूसाठी त्यांनी विवेकाचा घोष केला होता, तिथे आता विवेकाला जागा उरली नव्हती.

१९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले, धारिया पुन्हा मंत्री झाले आणि राष्ट्रपतिपदासाठी नाव पुढे आले ते संजीव रेड्डींचेच. सदतीस अर्ज आले. छाननीत छत्तीस बाद झाले. नवा दहा-दहा सह्यांचा नियम आपले काम चोख करीत होता. उरलेला एक माणूस बिनविरोध निवडून आला. आठ वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी देशभर दुसऱ्या पसंतीची मते शोधली गेली, त्याला या खेपेला पहिल्या पसंतीचेही मत लागले नाही. असा बिनविरोध राष्ट्रपती त्यानंतर झालेला नाही. १९९७ मध्ये सूचक पन्नास झाले, अनुमोदक पन्नास झाले, अनामत पंधरा हजार. पुन्हा दुसरी पसंती मोजायची वेळ मात्र आली नाही. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा भाजपबरोबर असलेल्या शिवसेनेने मराठी म्हणून त्यांना मते दिली. त्या पहिल्याच फेरीत ६,३८,११६ मते घेऊन निवडून आल्या. मराठी उमेदवाराला असा आधार १९६९ च्या गणितात नव्हता. त्या वेळी देशमुखांची मराठी ओळख कोणाच्या पारड्यात पडली, हे मोजायला कोणी थांबलेच नाही.

चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादेत गेले. पराभवाची खंत त्यांना होती की नाही, मला सांगता येणार नाही. ज्या लढतीत आपण जिंकणार नाही हे माहीत असते तीत उतरण्याचा त्यांचा स्वभाव १९५६ च्या राजीनाम्यापासून दिसतो एवढे खरे.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीतल्या आमदाराच्या मताचा आकडा अजून १९७१ च्या जनगणनेवर थांबलेला आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने लोकसंख्येचा आधार तिथे गोठवला. कुटुंबनियोजन नीट करणाऱ्या राज्यांचे वजन कमी होऊ नये म्हणून. आधी २००० सालापर्यंत, मग २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. १९७१ मध्ये महाराष्ट्र ५ कोटी ४ लाखांचा होता. २८८ आमदारांनी आणि हजाराने भागले की १७५ येतात. म्हणून २०२२ मध्येही इथल्या आमदाराने १७५ किमतीचे मत दिले. २०११ च्या जनगणनेत राज्य ११ कोटी २३ लाखांवर गेलेले आहे. तोच भागाकार आज केला तर ३९० येईल. १९७१ नंतर जन्मलेला काशीदचा एकही माणूस, मग तो मासेमारी करो की पर्यटकांना खोल्या देवो, राष्ट्रपतींच्या मतमूल्यात अजून मोजला गेलेला नाही.

पुढची जनगणना २०२७ मध्ये होणार असे जाहीर झाले आहे. प्रगणक मुरूड तालुक्यात येतील, हातात मोबाइल असेल. काशीदच्या वाड्यांतून, सुरूच्या बनामागच्या घरांतून माणसे मोजत पुढे नांदगावकडे जातील. त्या आकड्यावर आमदाराचे मत किती भरायचे हे ठरेल. नाही तर त्याआधी कोणीतरी दिल्लीत आणखी एक दुरुस्ती आणेल आणि १७५ तसाच राहील.